चाळीस ते पंचावन्न

चाळिसाच्या खाली काही नाही.
पंचावन्नच्या वरही नाही, किंवा असेल
तर वाऱ्यात मिसळून जातं.
मधल्या पंधरांत ती गुणगुणते.
पायाखालचा पत्रा तळव्यांना सांगतो,
गिअरचा दांडा हुडहुडतो
हिव भरलेल्या पोरासारखा.

टिस्कच्या टायरवाल्याने दोनदा बॅलन्सिंग केलं.
बेळगावहून जुना डिफरन्शियल आणला,
अठरा हजार, वर माझा एक दिवस.
गुणगुण तशीच.
कुळ्याच्या स्टँडवर आमच्यातले म्हणाले,
नदीतून जाणारी जीप ती, बोलणारच.
मागच्या सीटवरच्या एका बाईने विचारलं,
हा आवाज धबधब्याचा का?
मी हो म्हणालो.

शेवटी कुडचड्याला, इनास मेस्ताकडे.
त्याच्या दारातून नदी दिसते,
आणि नदीत गंजत उभ्या रिकाम्या बार्जी.
त्याने बॉनेट उघडलं नाही.
"चल," म्हणाला, शेजारी चढला,
चपला काढून दोन्ही पाय पत्र्यावर टेकवले.

सांग्याच्या रस्त्यावर पंचेचाळीस.
"क्लच दाब." दाबला. आहे.
"न्यूट्रल कर." केलं. इंजिन खाली बसलं,
गुणगुण आहे.
"इंजिन सुटलं," तो म्हणाला,
जामीन मंजूर केल्यासारखा.
उतार संपेपर्यंत आम्ही तसेच घरंगळत राहिलो,
दोघेही गप्प,
मधे फक्त ती.

मग रुझारने पुढचा शाफ्ट उतरवला,
गोणपाटात गुंडाळून मागच्या सीटवर आडवा टाकला,
भाडं न दिलेल्या गिऱ्हाइकासारखा.
पुन्हा तोच रस्ता, नुसती मागची चाकं ओढताहेत.
पंचेचाळीस. पन्नास.
काही नाही.
मेस्ताने मान वळवून
गोणपाटाकडे पाहिलं.

बाकावर रॉकेल, तारेचा ब्रश.
चिखल सुटला, त्याखाली ग्रीस, त्याखाली
दोन बाण,
कारखान्याने समोरासमोर कोरलेले.
एक दुसऱ्याला चुकवून
दातभर पलीकडे बघत होता.

"हो कोणें काडिल्लो?"

मला एप्रिलची ती संध्याकाळ दिसली.
दुसऱ्या ओढ्यात मी गाडीखाली उताणा,
पाणी कॉलरपर्यंत, टॉर्च दातांत,
वर सहा माणसं, त्यांची गाडी सातची.
तुटका क्रॉस ठोकून काढला, नवा घातला,
शाफ्ट ढकलला. बसला.
बसला म्हणजे बरोबर, एवढंच ठाऊक होतं.
स्टँडवर किती जणांना ऐकवलं मी,
पाण्यात, एकट्याने, चाळीस मिनिटांत.

"टिस्कचा कोणी," मी म्हणालो.

मेस्त माझ्या अंगठ्याकडे बघत होता.
तिथे अजून पांढरा वण आहे,
लॉक उडून लागलेला.
बोलला काहीच नाही.
शाफ्ट ओढला, एक दात फिरवला, सरकवला.
बाणांवर पिवळ्या रंगाचे ठिपके दिले,
बोटाएवढे जाड,
अंधारात, पाण्यातसुद्धा सापडतील असे.
"त्या टिस्कच्या मनशाला दाखव," म्हणाला.
ग्रीसचे ऐंशी रुपये. रुझारला चहा.

धारबांदोड्यापर्यंत पन्नासवर आलो.
पत्रा मुका.
आता मागच्या फाळक्याची साखळी ऐकू येते,
सीटखाली एक पाना वळणावळणाला कूस बदलतो,
हे सगळं आधीपासून असणार.

तिठ्यावर थांबून घरी फोन लावला.
झालं काम, म्हणालो. छोटंसंच होतं.
कुणी केलं होतं ते सांगायला तोंड उघडलं,
तर सुकांती म्हणाली,
"ओरडता कशाला? येतंय ऐकू."